देवबाग: समुद्र आणि खाडीच्या मधोमध तगून राहिलेलं रापणकरांचं गाव

मालवणला जाऊन आलेल्या कुणाच्याही फोनमध्ये एक व्हिडिओ हमखास असतो. गुडघाभर पाणी, पाण्यात लावलेल्या टेबल-खुर्च्या, मागे जेट स्की आणि खाली कॅप्शन, 'त्सुनामी आयलंड'. या व्हिडिओत कॅमेरा थोडा वळवला असता तर मागे माडांची एक लांबलचक रांग दिसली असती. त्या माडांखाली जे गाव आहे त्याचं नाव देवबाग.

पर्यटकांसाठी देवबाग म्हणजे डॉल्फिन, पॅरासेलिंग आणि सुरमई थाळी. पण हे गाव मुळात मच्छीमारांचं. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर उभं राहून हाताने जाळं ओढत आली आहेत. आज त्यांच्यासमोर दोन प्रश्न आहेत. जाळ्यात मासा येणार का? आणि जाळं ओढायला किनारा उरणार का?

हे प्रश्न नेमके कुठून आले, ते समजून घेऊ.

देवबाग आहे तरी कुठे?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण शहरापासून साधारण १० ते १२ किलोमीटर दक्षिणेला देवबाग आहे. मालवणहून निघालं की आधी तारकर्ली लागतं आणि रस्ता तसाच पुढे नेत नेत देवबागच्या टोकाला आणून सोडतो. त्याच्या पुढे रस्ता नाही, कारण तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. स्थानिक लोक या जागेला 'संगम' म्हणतात. पलीकडच्या काठावर वेंगुर्ले तालुक्यातलं भोगवे दिसतं.

नकाशात पाहिलं तर देवबाग एखाद्या लांब बोटासारखं दिसतं. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी. काही ठिकाणी ही पट्टी इतकी निमुळती आहे की समुद्राकडून खाडीकडे चालत जायला काही मिनिटं पुरतात.

शाळेच्या भूगोलात ज्याला 'वाळूचा दांडा' म्हणतात, तो हाच. लाटा किनाऱ्याला तिरप्या येतात तेव्हा त्या वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने पुढे ढकलत नेतात. दुसरीकडून नदी डोंगरातून गाळ आणि रेती आणते. दोन्हींची गाठ मुखाशी पडते, पाण्याचा वेग मंदावतो आणि वाळू खाली बसते. अशी वर्षानुवर्षं साठत गेलेली वाळू म्हणजे देवबागसारखी गावं.

म्हणजे या गावाखाली कातळ नाही, वाळू आहे. आणि वाळू एका जागी थांबत नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

मग त्सुनामी आयलंडचं काय?

स्थानिक सांगतात की २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर कर्लीच्या मुखाशी वाळूचा हा उंचवटा वर आला, म्हणून त्याचं नाव त्सुनामी आयलंड. नदीच्या मुखाशी असे उंचवटे तयार होणं, सरकणं आणि नाहीसं होणं ही तशी नेहमीची गोष्ट आहे. भरतीला ते पाण्याखाली जातात, ओहोटीला वर येतात. पावसाळ्यात नदीला पूर आला की त्यांचा आकारच बदलतो.

पर्यटकाला ही गंमत वाटते. होडी घेऊन समुद्रात जाणाऱ्यासाठी मात्र तो जिवाचा प्रश्न असतो. मुखातला खोल पाण्याचा मार्ग यंदा कुठून जातो आहे, हे त्याला दर मोसमात नव्याने शिकावं लागतं. चुकलं तर होडी वाळूवर चढते आणि मागून येणारी लाट तिला उलटी करते.

खाडीचं मुख मासेमारीसाठी इतकं महत्त्वाचं का?

खाडीत दिवसातून दोन वेळा समुद्राचं पाणी आत येतं आणि दोन वेळा बाहेर जातं. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी मिसळून जे मचूळ पाणी तयार होतं, त्यात गाळाबरोबर भरपूर अन्न असतं. काठाला कांदळवन असतं. त्याच्या मुळांच्या जाळीत मोठे मासे शिरू शकत नाहीत, म्हणून लहान पिल्लं सुरक्षित राहतात.

कोळंबीच्या अनेक जाती समुद्रात अंडी घालतात, पण त्यांची पिल्लं वाढायला खाडीत येतात आणि मोठी झाली की परत समुद्रात जातात. काही माशांचंही तसंच आहे. थोडक्यात, खाडी ही समुद्राची बालवाडी आहे. खाडी बिघडली तर त्याचा फटका बाहेरच्या समुद्रातल्या मासेमारीलाही बसतो.

गावासाठी खाडीचा आणखी एक उपयोग आहे. समुद्र खवळलेला असतो तेव्हा खाडी घर चालवते. तिथे तिसऱ्या मिळतात, कालवं मिळतात, कुर्ल्या मिळतात. शेवटे, तांबोशी, सुंगटं मिळतात. त्यासाठी मोठी बोट लागत नाही. छोटी होडी, पाग किंवा नुसता गळ असला तरी संध्याकाळच्या कालवणापुरतं काहीतरी हाती लागतं.

इथे राहतं कोण?

मच्छीमार म्हटलं की मुंबईकडच्या माणसाला 'कोळी' हा एकच शब्द आठवतो. पण सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मासेमारी करणारा मुख्य समाज गाबीत आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ले या तिन्ही तालुक्यांच्या किनारी गावांत हा समाज पसरलेला आहे. मराठ्यांच्या आरमारात आपले पूर्वज होते, ही आठवण गाबीत समाज अभिमानाने जपतो. जवळच मालवणच्या समुद्रात १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे, त्यामुळे ही आठवण इथे रोज डोळ्यांसमोर असते.

बोली मालवणी. सुरमईला इथे 'इसवण' म्हणतात, पापलेटला 'सरंगा'. याच सरंग्याला, म्हणजे सिल्व्हर पॉम्फ्रेटला, महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून घोषित केलं.

रापण म्हणजे नेमकं काय?

रापण ही किनाऱ्यावरून करायची मासेमारी. तिची पद्धत ऐकायला सोपी आहे, करायला घाम काढणारी.

माशांचा थवा किनाऱ्याजवळ आला की पाण्याचा रंग बदलतो, वर पक्षी घिरट्या घालू लागतात. अनुभवी नजर हे लांबून ओळखते. मग जाळं भरलेली होडी किनाऱ्यावरून निघते. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात राहतो. होडी अर्धवर्तुळ काढत, जाळं पाण्यात सोडत जाते आणि थोड्या अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. आता दोन्ही टोकं जमिनीवर आणि मधला फुगीर भाग पाण्यात.

यानंतर दोन रांगा जाळं ओढायला लागतात. एक एक पाऊल मागे. पुढचा माणूस दोर सोडून मागे जातो, मागचा पुढे सरकतो. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ येतात. शेवटी मधला पिशवीसारखा भाग वाळूवर येतो आणि त्यात काय आहे ते कळतं. कधी बांगडे, तारल्या, पेडवे उसळत असतात. कधी नुसते जेलीफिश आणि प्लास्टिक.

रापणीची खरी ओळख मात्र तिच्या हिशेबात आहे. मोठी रापण एकट्याची नसते, ती संघाची असते. जाळं, होडी, दोर यांचा खर्च सगळ्यांचा आणि मिळालेल्या मासळीचे वाटेही सगळ्यांचे. समजा, एका दिवशी २०,००० रुपयांची मासळी विकली गेली. त्यातले ५,००० जाळं, होडी आणि इतर खर्चाला बाजूला काढले. ४० माणसं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ३७५ रुपये येतात. रक्कम मोठी नाही. पण म्हातारा माणूस, ज्याला आता होडीवर जाणं जमत नाही, तोही दोराला हात लावतो आणि त्याचाही वाटा निघतो. वाटेने जाणाऱ्याने ओढायला मदत केली तर त्यालाही चार मासे देण्याची रीत आहे.

म्हणून रापण बंद पडते तेव्हा मासेमारीच्या पद्धतीबरोबर गावातल्या वयस्कर आणि भांडवल नसलेल्या माणसांचा हक्काचा वाटाही जातो.

वर्षभराचं गणित कसं असतं?

महाराष्ट्रात दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. या काळात अनेक मासे अंडी घालतात आणि समुद्रही धोकादायक असतो. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना कायद्याने सूट आहे, पण पावसाळ्यात समुद्राचं रूप पाहता तिकडे कुणी फारसं फिरकत नाही. हे दोन महिने खाडी, आधी सुकवून ठेवलेली मासळी आणि उधारी यांवर निघतात.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो आणि मोसम सुरू होतो. पावसाळ्यात दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर खोल पाण्यातली पोषकद्रव्यं वर येतात, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि ते खायला बांगडा-तारलीचे थवे किनाऱ्याकडे सरकतात. त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबर हा रापणीचा सुगीचा काळ. वर्षाची मिळकत याच चार महिन्यांत बरीचशी ठरते.

हे चार महिने लक्षात ठेवा. वाद तिथेच आहे.

बायका काय करतात?

समुद्रातून मासा आला की तिथून पुढचं काम बायकांचं. निवडणं, लिलावात बोली लावणं, टोपली घेऊन बाजार गाठणं, उरलेली मासळी खारवणं, सुकवणं. पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी त्यांच्याच हातून तयार होते. खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवं काढण्यातही त्यांचाच मोठा वाटा असतो. ओहोटीची वेळ पाहून पाण्यात उतरायचं, चिखलात हाताने चाचपायचं आणि भरती चढायच्या आत बाहेर यायचं.

होडी, जाळं, परवाना हे सगळं सहसा पुरुषांच्या नावावर असतं. त्यामुळे वादळ किंवा मासळीच्या दुष्काळाची भरपाई होडी आणि जाळ्यांवर मोजली गेली की विक्री करणाऱ्या बाईचं नुकसान त्या मोजणीत येत नाही. मासा आला नाही तर तिची टोपलीही रिकामीच असते.

मग भांडण कशावरून आहे?

एका शब्दात सांगायचं तर पर्ससीन.

कमरेला खोचायचा बटवा आठवा. नाडी ओढली की तोंड बंद. पर्ससीन जाळं तसंच चालतं. यांत्रिक बोट माशांच्या थव्याभोवती जाळ्याचं वर्तुळ टाकते आणि खालची दोरी यंत्राने ओढून तळ बंद करते. पूर्ण थवा आत अडकतो. थवा कुठे आहे हे शोधायला बोटीवर उपकरणं असतात, त्यामुळे पक्ष्यांची वाट पाहावी लागत नाही.

पर्ससीन ज्या माशांसाठी टाकतात ते बांगडा आणि तारली. रापणीत येणारे मासेही तेच. थवा किनाऱ्याजवळ पोहोचण्याआधीच समुद्रात पकडला गेला, तर किनाऱ्यावर दोर धरून उभ्या असलेल्या ४० माणसांच्या हाती काही लागत नाही. पारंपरिक मच्छीमारांचं म्हणणं एवढंच आहे.

पर्ससीनवाल्यांची बाजूही आहे. बोट आणि जाळ्यासाठी मोठी कर्जं काढलेली असतात, बोटीवर खलाशी असतात, बर्फाचे कारखाने आणि मासळीवर प्रक्रिया करणारे उद्योग त्यांच्या मालावर चालतात. मोसम कमी केला तर हप्ते कसे फेडायचे, असा त्यांचा प्रश्न असतो.

हा वाद नवा नाही. शेजारच्या गोव्यात १९७० च्या दशकात रापणकार विरुद्ध ट्रॉलर-पर्ससीन असं मोठं आंदोलन झालं. माथानी साल्ढाणा हे त्याचे प्रमुख नेते होते. अशा आंदोलनांच्या रेट्यामुळेच राज्यांनी समुद्री मासेमारीचे कायदे केले. केरळ आणि गोव्याचा कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा 'सागरी मासेमारी नियमन अधिनियम' १९८१ चा.

कायदा काय सांगतो?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतच्या समुद्रातली मासेमारी हा राज्याचा विषय. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा अधिकार. ही वाटणी लक्षात ठेवली की बाकीचे नियम समजायला सोपे जातात.

• पर्ससीनवर मर्यादा: डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढला. त्यानुसार राज्याच्या हद्दीत पर्ससीन मासेमारी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर याच काळात करता येते आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करायची आहे.

• एलईडी दिव्यांवर बंदी: रात्री समुद्रात प्रखर दिवे लावले की मासे त्या उजेडाकडे खेचले जातात. मग जाळं टाकून ते सगळे उचलायचे. लहान पिल्लंही त्यात जातात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या हद्दीत यावर बंदी घातली.

• दंडात वाढ: १९८१ च्या कायद्यात महाराष्ट्राने २०२१ मध्ये बदल केले. विनापरवाना पर्ससीनसाठी १ लाख ते ६ लाख रुपये आणि एलईडी मासेमारीसाठी ५ लाख ते २० लाख रुपये दंडाची तरतूद झाली. आधी अशी प्रकरणं तहसीलदारांकडे जायची, ती आता मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आली.

कागदावर हे सगळं पारंपरिक मच्छीमारांच्या बाजूचं वाटतं. तरी तक्रारी थांबत नाहीत. त्याची कारणं तीन.

पहिलं, पर्ससीनला परवानगी असलेले चार महिने आणि रापणीचे सुगीचे चार महिने एकच आहेत.

दुसरं, समुद्रात रेघ मारलेली नसते. बोट १२ मैलांच्या आत आहे की बाहेर, हे पाहायला गस्तीची बोट वेळेवर पोहोचावी लागते. ती पोहोचेपर्यंत जाळं वर आलेलं असतं.

तिसरं, मासा आणि बोटी दोघांनाही राज्याची हद्द कळत नाही. कर्नाटकातल्या बंदरांतून येणारे हायस्पीड ट्रॉलर आपल्या समुद्रात घुसतात, ही मालवणच्या मच्छीमारांची जुनी तक्रार आहे.

केंद्राच्या हद्दीतला पेच वेगळाच आहे. तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेश देताना १२ सागरी मैलांच्या पलीकडे पर्ससीनला परवानगी दिली, पण अटी घालून. आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार, आणि तेही सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळेत. पूर्ण बंदी आणि पूर्ण मोकळीक यांच्या मधला रस्ता शोधणं किती अवघड आहे, ते या अटींवरूनच दिसतं.

दुसरं संकट: पायाखालची जमीन

आता मूळ मुद्द्याकडे परत येऊ. गाव वाळूवर आहे आणि वाळू सरकते.

पावसाळ्यात मोठ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून समुद्रात नेतात. पावसाळा संपला की शांत लाटा त्यातली बरीच वाळू परत आणून टाकतात. हे चक्र नीट चालू असेपर्यंत किनारा टिकतो. जेवढी वाळू जाते तेवढी परत आली नाही, की धूप सुरू होते. आधी वाळू जाते, मग माड आडवे होतात, मग पाणी घराच्या पडवीपर्यंत येतं. देवबागला धोका दोन्हीकडून आहे. समोरून लाटांचा, मागून खाडीच्या पाण्याचा.

त्यात वादळांची भर पडते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं आणि कोकणातले अनेक मच्छीमार समुद्रातून परतलेच नाहीत. ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार वादळ जमिनीवर आलं नाही, पण त्याच्या लाटा सिंधुदुर्गच्या किनारी वस्त्यांमध्ये शिरल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. १९०१ ते २०१८ या काळात जगभरातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली, असं हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीचा अहवाल सांगतो. डोंगरावरच्या गावाला २० सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. वाळूच्या सपाट पट्टीवर प्रत्येक सेंटिमीटरला किंमत आहे.

खाडीतल्या वाळू उपशाचा मुद्दाही याच गणितात बसतो. नदीने आणलेली रेती मुखापर्यंत पोहोचण्याआधीच उचलली गेली, तर किनाऱ्याला मिळणारी वाळू कमी होते. शिवाय तिसऱ्यांची जागा जाते ती वेगळीच.

बंधारा बांधला की प्रश्न सुटतो का?

धूप होणाऱ्या गावाची पहिली मागणी असते धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची. म्हणजे किनाऱ्यालगत मोठमोठ्या दगडांची रांग. ज्याच्या अंगणात लाट येते त्याला ही मागणी करण्यावाचून पर्याय नसतो. दगड असले की घर वाचतं, हे खरं आहे.

पण इथे एक अडचण आहे. वाळूच्या उतारावर लाट चढते, तिची ताकद जिरते आणि ती परत जाते. दगडी भिंतीवर ती आदळते आणि तेवढ्याच जोराने मागे फिरते. मागे फिरताना भिंतीच्या पायथ्याची वाळू घेऊन जाते. कालांतराने भिंतीपुढची पुळण कमी होत जाते. भिंत जिथे संपते, तिथून पुढच्या भागात धूप वाढण्याचाही धोका असतो. त्यामुळे एका वाडीला बंधारा मिळाला की शेजारची वाडीही तो मागते.

आता रापणीचं चित्र पुन्हा डोळ्यांसमोर आणा. होडी लावायला, दोर ओढत मागे मागे जायला, जाळं पसरून सुकवायला मोकळी वाळू लागते. दगडांच्या रांगेवरून रापण ओढता येत नाही. म्हणजे जो बंधारा मच्छीमाराचं घर वाचवतो, तोच त्याची कामाची जागा खातो. घर निवडायचं की किनारा, असा हा प्रश्न आहे आणि त्याचं सोपं उत्तर कुणाकडेच नाही.

जगभरात यावर काही वेगळे उपाय वापरले जातात. बाहेरून वाळू आणून किनाऱ्यावर टाकणं, पाण्याखाली लाटांचा जोर कमी करणारी रचना उभारणं, काठाला वनस्पती वाढवणं. यातला पहिला आणि दुसरा उपाय महाग आहे, सतत देखभाल मागणारा आहे. तिसऱ्याला वेळ लागतो.

पर्यटनाने काय बदललं?

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पुढच्या काळात तारकर्ली-देवबाग पट्ट्यात घरगुती निवास, जलक्रीडा, स्कूबा डायव्हिंग वाढत गेलं. खाडीपलीकडे चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला.

मच्छीमार कुटुंबांना याचा फायदा झाला, हे नाकारता येणार नाही. ज्या होडीतून जाळी जायची तिच्यातून आता डॉल्फिन पाहायला माणसं जातात. घरातल्या दोन खोल्या भाड्याने गेल्या की मासा नसलेल्या महिन्यातही चूल पेटते. पाणी, वारा, मुखातली वाट यांची जाण असलेला तरुण जलक्रीडेत चांगलं काम करतो. गाव सोडून मुंबईला जायची वेळ अनेकांवर आली नाही.

पण त्याची किंमतही आहे. पर्यटनाचा हंगाम आणि मासेमारीचा हंगाम बऱ्याच अंशी एकत्र येतो. किनाऱ्यावर जाळी सुकवायच्या जागी गाड्या उभ्या राहतात. दोर ओढायला तरुण हात मिळेनासे होतात, आणि रापणीला तर एकाच वेळी बरेच हात लागतात. जमिनीचे भाव वाढले की बाहेरचा पैसा येतो. ज्यांच्याकडे विकायला जमीन होती त्यांनी ती विकली, ज्यांच्याकडे नव्हती ते होते तिथेच राहिले.

विहिरींचाही प्रश्न आहे. वाळूच्या पट्टीखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. प्रमाणाबाहेर उपसा झाला की खालचं खारं पाणी वर येतं. खोल्या वाढल्या की उपसा वाढणारच.

घराचा कायदा: सीआरझेड

किनाऱ्यावर कुठे बांधकाम करता येतं हे किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे सीआरझेडच्या नियमांवर ठरतं. २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्याचे दोन गट आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक राहत असतील तर भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत 'ना विकास क्षेत्र' असतं. लोकसंख्या त्यापेक्षा विरळ असेल तर हेच अंतर २०० मीटर. खाडीच्या काठाला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते.

देवबागसारख्या ठिकाणी एक पट्टा समुद्राकडून मोजायचा आणि दुसरा खाडीकडून. गावच मुळात अरुंद. मधे उरतं किती, हे मोजून पाहिलं की नव्या पिढीला वेगळं घर बांधणं अवघड का जातं ते कळतं. जुनं अधिकृत घर दुरुस्त करता येतं. पण कोकणातल्या अनेक मच्छीमार वस्त्यांमध्ये घर पिढ्यांचं असतं आणि सातबाऱ्यावर नाव मात्र नसतं. मग अधिकृत म्हणजे काय, तिथूनच वाद सुरू होतो.

चांगलं काही घडतंय का?

घडतंय.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज अशा बाबतीत शेतकऱ्यांसारख्या सवलती मच्छीमारांना आणि मत्स्यशेतकऱ्यांना मिळाव्यात, हा त्यामागचा हेतू.

डिसेंबर २०१८ पासून राज्यात आणखी एक योजना आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन यांसारखा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. समुद्रजीव वाचवण्याचा भार गरीब माणसाच्या खिशावर पडू नये, हा साधा विचार त्यात आहे.

वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने कांदळवन सफर सुरू केली. खाडीवर जगणाऱ्या बायका आता वल्हं हातात घेऊन पर्यटकांना तीच खाडी समजावून सांगतात. खाडी शाबूत राहिली तरच हा धंदा चालतो, म्हणून ती राखण्यात त्यांचा थेट फायदा आहे.

थोडक्यात

देवबागचा प्रश्न दोन टोकांचा आहे. समुद्राच्या बाजूने मासा कमी होतोय, जमिनीच्या बाजूने किनारा. यातला एकच सुटला तर उपयोग नाही. मासा आला पण ओढायला पुळण नाही, किंवा पुळण आहे पण मासा आधीच उचलला गेला, दोन्ही वेळा रापण रिकामीच.

मासा टिकवायचा तर नियम नवे नकोत, असलेले पाळले गेले पाहिजेत आणि त्यासाठी समुद्रात गस्त हवी. किनारा टिकवायचा तर प्रत्येक वाडीसाठी वेगळा बंधारा न बांधता कर्लीच्या मुखापासून तारकर्लीपर्यंतच्या वाळूचा एकत्र हिशेब मांडावा लागेल.

पुढच्या वेळी तिकडे गेलात आणि सकाळी किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा दोर ओढताना दिसल्या, तर व्हिडिओ जरूर काढा. पण आधी फोन खिशात ठेवून दोराला हात लावा. ओढून झाल्यावर कुणीतरी तुमच्यासमोर चार बांगडे धरेल. ते घ्या. रापणीत तो तुमचा वाटा असतो.